आवाज नेमका अडतो कुठे?

आजचा विषय एका छोट्या डबीचा आहे: कम्प्युटरला बाहेरून यूएसबीनं जोडायचा ऑडिओ कन्व्हर्टर.

त्याचा धाकटा भाऊ तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात आहे. हेडफोनची गोल पिन टाईप-सीला लावायला जी बोटभर वायर मिळते ना, तिच्यातही बहुतेक वेळा अशीच चिप असते. कम्प्युटरला कळतात आकडे, कानाला कळते हवेतली थरथर. मधला दुभाषी म्हणजे ही डबी. माइकचा किंवा टेपचा आवाज आत घेऊन त्याचे आकडे करायचं उलटं कामही ती करते.

आवाज आला नाही की सगळे आधी डबीलाच दोष देतात आणि नवी मागवतात. नवीही तशीच वागते, कारण बिघाड अनेकदा दुसरीकडेच असतो. म्हणून आपण क्रमानं जाऊ. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्ती कशानं झाली तेच कळत नाही.

पहिला प्रश्न, कम्प्युटरला डबी दिसते का? दिवा लागला म्हणजे जोडणी झाली असं समजू नका. यूएसबी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या, माहिती नेणाऱ्या वेगळ्या. फक्त चार्जिंगसाठी केलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. त्याच केबलनं फोन कम्प्युटरला जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा आणि फोनमधले फोटो दिसतात का ते बघा. नाही दिसले तर केबल बदला. मध्ये हब असेल तर तोही काढा. यूएसबी २.० चा पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर देतो. हबला स्वतःची वीज नसेल तर त्यावरची सगळी यंत्रं तेवढ्यातच भागवतात.

आता फोनची युक्ती. अँड्रॉइडमध्ये २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओची सोय आली. डबी ओटीजी अडॅप्टरनं फोनला लावा आणि एखादं गाणं वाजवा. वाजलं, तर डबी ठणठणीत आहे, कम्प्युटरकडे बघा. नाही वाजलं तर मात्र घाईनं निकाल देऊ नका. काही डब्यांना फोन देतो ती वीज पुरत नाही.

दुसरा प्रश्न, डबी दिसते पण आवाज नाही. विंडोजमध्ये स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून बाहेर पडायचा आहे ते बघा. अनेकदा एचडीएमआयनं जोडलेला मॉनिटर गुपचूप मान मिळवून बसलेला असतो. रेकॉर्डिंग करायचं असेल तर प्रायव्हसीमध्ये माइकची परवानगी तपासा, मॅकवरही. शिवाय रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमची निवड वेगळी असते, तीही बघा. डबी आधी जोडा, प्रोग्रॅम नंतर उघडा.

ड्रायव्हरचं काय? यूएसबी ऑडिओचं पहिलं प्रमाण १९९८ चं, दुसरं २००६ चं. दुसऱ्याचा स्वतःचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आला तो २०१७ साली, विंडोज १० च्या अपडेटमधून. त्यामुळे जुन्या विंडोज ७ वर नवी डबी गप्प बसली, तर डबी बनवणाऱ्यांच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न, आवाज येतो पण मध्येच टिकटिक होते. फाइल कॉपी करताना एखादा तुकडा बिघडला तर कम्प्युटर तो पुन्हा मागवतो. यूएसबीवरच्या आवाजाला ही सोय नाही. तुकडा वेळेवर पोचला तर पोचला, चुकला तर चुकला. तिथे कानाला टिक ऐकू येते. म्हणून केबल आखूड घ्या, थेट कम्प्युटरच्या पोर्टला लावा आणि बॅटरी सेव्हर बंद करा. बफर १२८ वर असेल तर ५१२ करून बघा. सिस्टिम ४८००० वर आणि प्रोग्रॅम ४४१०० वर, असं असेल तर दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

चौथा, मागे सतत गुणगुण. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तीच सूर धरून बसते. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर ती वीजजोडणीतून येतेय. मग बॅटरीवर काम करा, किंवा सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. एक गोष्ट बजावून सांगते: प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण शॉक बसला तर जिवावर बेतेल.

हे सगळं मी आत्याकडे करून पाहिलंय. तिच्याकडे माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट आहे, घरीच भरलेली. आजी आता नाही आणि दुसरी प्रत नाही. जुनी फीत प्रत्येक वेळी वाजवताना थोडी झिजते, कधी गुंतून तुटतेही. म्हणून मी म्हटलं, “आत्या, ती कॅसेट तू आधी कपाटात ठेव. सिनेमातल्या गाण्यांची एखादी दे.”

ती लावली. आत्या म्हणाली, “अगं, डाव्या कानात काहीच नाही!” मी कन्व्हर्टरच्या बाजूला लाल आणि पांढरी पिन उलट लावली. आता उजवा कान गप्प! शांततेनं बाजू बदलली, म्हणजे डबी निर्दोष. दोष वायरीत किंवा टेपमध्ये. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वायर आणली आणि दोन्ही कान बोलायला लागले. मग टिकटिक होती, ती हब काढल्यावर गेली. गुणगुण होती, ती चार्जर काढल्यावर गेली. आवाजाची पातळी अशी ठेवली की सगळ्यात मोठा सूरही उणे ६ डेसिबलच्या आसपासच राहावा. आणि मगच कपाट उघडलं. आजीची कॅसेट एकदाच वाजली, दोन्ही बाजू.

ओव्यांच्या मागे एक घरघर आहे. आवाज स्वच्छ करणाऱ्या प्रोग्रॅमला ती कचराच वाटली असती. ते जातं आहे, मंडळी. मध्येच कुणीतरी विचारतं, “चहा झाला का?” आत्यानं मान वर केली आणि म्हणाली, “हे तर दादा.” म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

म्हणून मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. ते वेव्ह फाइलमध्ये ठेवा. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी घेतो, म्हणजे तासाभराची कॅसेट ६०० एमबीत मावते. एक प्रत कम्प्युटरवर, दुसरी वेगळ्या जागी. साफसफाई करायची ती नकलेवर.

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत अशी एखादी कॅसेट असेल, तर या रविवारी विचारा. कॅसेटमधला आवाज ओळखणारं माणूस घरात आहे, तोवर हे काम करून घ्या. काही अडलं तर साखळीत कुठवर पोचलात तेवढं कळवा, तिथून पुढे एकत्र शोधू. भेटू पुढच्या भागात!