समाजकार्याचा विद्यार्थी व्यवसायास सिद्ध झाला, हे कसे ओळखावे?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



अलीकडे आपल्या शिक्षणनिधीकडे येणाऱ्या अर्जांत समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचेही अर्ज दिसू लागले आहेत. त्यांची छाननी चालू असता मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारले, "बाई, लोकांची सेवा करावयास पदवी कशास हवी? आपण येथे सारे पदवीवाचूनच करीत आलो ना?" त्यांचा प्रश्न मला मुळीच गैर वाटला नाही. परंतु माझे उत्तर त्यांना ऐकून घ्यावयास तेव्हा वेळ नव्हता. म्हणून आज ते आपणा सर्वांनाच ऐकावे लागत आहे!

हे शिक्षण आपल्या देशात सुरू झाले ते मुंबईत, 1936 साली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेल्या विद्यालयात. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. ते त्यापूर्वी नागपाड्याच्या वस्तीत काम करीत होते, आणि वस्तीत पाय ठेवल्यावाचून हे शास्त्र शिकता येत नाही हा दंडक तेव्हापासूनच पडला. 1946 साली जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजकार्यकर्ती नेमली गेली. पुढे 1955 मध्ये निर्मला निकेतन आणि 1963 मध्ये पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था निघाली. विद्यार्थ्याने आठवड्यातून साधारण दोन दिवस रुग्णालयात, वस्तीत अथवा बालगृहात काम करावे, जे घडले ते लिहून काढावे, आणि ते लिखाण पुढे ठेवून पर्यवेक्षकाने त्याच्याशी एकान्तात बोलावे, अशी ही पद्धत आहे. एका रुग्णालयात मी पुष्कळ वर्षे असे पर्यवेक्षण केले. तेव्हा मी जे सांगणार आहे त्यात इतरांपेक्षा माझाच दोष अधिक आहे, हे प्रथमच कबूल करते.

पंचवीसएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. परीक्षेत पहिल्या वर्गाची, बोलण्यात चतुर, अक्षर मोत्यासारखे. क्षयाचा एक रोगी औषध न्यावयास येईनासा झाला होता. त्याच्या घरी तिला पाठविले. परत आल्यावर तिने सुरेख अहवाल दिला: घर इतक्या खोल्यांचे, कुटुंबात इतकी माणसे, रोग्यास नियमित औषधाचे महत्त्व पटविले, गृहभेट सफल. मी वाचला, खाली सही केली, आणि वर्षअखेरीस तिला उत्तम शेरा दिला.

दोन महिन्यांनी त्या रोग्याची पत्नी मला भेटली. ती म्हणाली, "बाई, त्या पोरीला पुन्हा आमच्याकडं धाडू नका." चौकशीअंती कळले ते असे. मुलीने परळच्या त्या चाळीत जाऊन भर गॅलरीत, चार बायका उभ्या असताना, "इथे टीबीचे पेशंट कुठे राहतात?" असे विचारले होते. दुसऱ्या दिवसापासून नळावर या बाईच्या कळशीजवळ कोणी कळशी ठेवीना. नवऱ्याने लाजेने औषध पुरतेच टाकले. तो पुन्हा वॉर्डात आला तेव्हा फार उशीर झाला होता. आम्ही त्याला वाचवू शकलो नाही.

मुलगी दुष्ट नव्हती. तिला आपण काय केले हे कळलेच नव्हते, आणि ते तिला विचारणे हे माझे काम होते. "दारात उभी राहिल्यावर तुझे पहिले वाक्य काय होते?" एवढा एकच प्रश्न मी विचारला असता तर सारे उघड झाले असते. मी नीटनेटक्या कागदावर भाळले.

त्याच्या उलट एक मुलगा आठवतो. मराठी माध्यमाचा, बोलताना अडखळणारा. वॉर्डातील एक म्हातारा आपल्या मुलास कळवू देत नव्हता. या मुलाने लिहिले होते: 'मुलाचा पत्ता विचारताच आजोबांनी भिंतीकडे तोंड केले. मी पुन्हा विचारले नाही. थोडा वेळ बसून राहिलो. विचारावयास हवे होते की नाही, हे मला कळले नाही.' तपासणीच्या छापील नमुन्यात नेतृत्व, संभाषणकौशल्य, लेखन असे रकाने होते. 'कळले नाही' हे लिहिण्याच्या धैर्यास रकाना नव्हता. त्याला गुण बेताचेच पडले. ते मीच दिले होते.

हा प्रश्न केवळ आपल्याच देशाचा नाही. लंडनमध्ये 2000 साली व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची बालिका नातलगाच्या घरी छळ होऊन मरण पावली. तिचे प्रकरण जिच्या हाती होते त्या कार्यकर्तीस पदवी घेऊन दोन वर्षेही झाली नव्हती. 2003 साली लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल आला. त्यात त्यांनी धाकट्या कर्मचाऱ्यांपेक्षा वरिष्ठांनाच अधिक जबाबदार धरले. पुढे 2007 मध्ये पीटर कॉनेली हे बालक दगावले, आणि मग मात्र तेथील शिक्षणपद्धती मुळातून तपासली गेली. आता इंग्लंडात विद्यार्थ्यास प्रत्यक्ष कामावर पाठविण्यापूर्वीच तो त्यास योग्य आहे की नाही हे पाहतात, आणि पदवीनंतरचे पहिले वर्षही देखरेखीखाली, परीक्षेसह काढण्याची सोय 2012 पासून केली आहे. कॅनडात टोरोंटो विद्यापीठातील मॅरियन बोगो यांनी आणखी एक मार्ग काढला. नट रुग्णाची अथवा संकटग्रस्ताची भूमिका करतो, विद्यार्थी त्याची मुलाखत घेतो, आणि नंतर त्यास विचारतात: तू अमुक ठिकाणी असे का बोललास? या उत्तरासही गुण असतात. मला या पद्धतीतील हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो. चूक प्रत्येकाची होते. ती स्वतःस दिसते की नाही, हे येथे समजते.

केवळ लेखी परीक्षेवर भिस्त ठेवण्याचा अनुभव अमेरिकेने घेतला आहे. तेथे परवान्यासाठी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते. 2022 साली ती घेणाऱ्या संस्थेनेच निकाल वंशवार प्रसिद्ध केले, तेव्हा कृष्णवर्णीय उमेदवारांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा फारच कमी आढळले. ही परीक्षा योग्यता मोजते की आणखी काही, असा वाद तेथे पेटला. आपल्याकडे वकिलास सनद लागते, वैद्यास नोंदणी लागते. समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी मात्र तशी वैधानिक परिषद अद्याप नाही. अर्थात सारा भार पर्यवेक्षकाच्या सहीवर पडतो. आणि सही नाकारणे किती कठीण, हे मी जाणते. मुलगा गरीब असतो, आईबापांनी कर्ज काढलेले असते, महाविद्यालयास निकालाची काळजी असते. 'आणखी सहा महिने' असे म्हणणारी बाई सर्वांनाच नकोशी होते. परंतु जिच्या कळशीजवळ कोणी कळशी ठेवीत नाही, ती या सभेत कधीच नसते.

आता आपल्या वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे येते. आपण ज्ञातीत जी सेवा केली ती ओळखीच्या घरांत केली. कोणाच्या दारात काय बोलू नये हे आपणास आईने, आजीने शिकविले होते. अनोळखी दारात जाणाऱ्यास ते कोणीतरी शिकवावे लागते, आणि शिकला की नाही हे कोणीतरी पाहावे लागते.

यंदा निधीकडे असे दोन अर्ज आले. गुणपत्रिकेबरोबर क्षेत्रकार्याची एखादी नोंद, नावे-पत्ते वगळून, आणावी असे मी दोघांनाही कळविले. मंडळातील काहींना ही जास्तीची अट वाटली. ती ठेवावी की नाही याचा निर्णय आपण आजच्या सभेत करावयाचा आहे. एकाने नोंद आणली आहे. अक्षर वाईट आहे आणि तीन ठिकाणी खाडाखोड आहे; मी ती अजून वाचतेच आहे.