लहान मोटार आणि तिचा विमा



मोटार घ्यावयाची ठरली की घरात प्रथम चर्चा होते ती रंगाची. मग किमतीची, मग एका लिटरात ती किती किलोमीटर धावेल याची. विम्याचा विचार सर्वांच्या शेवटी, आणि तोही बहुधा विक्रेत्याच्या टेबलावर. तेथे छापील कोटेशनात विम्याचा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. सही कोठे करावयाची तेवढे बोटाने दाखविले जाते. पण गाडीची किंमत एकदाच द्यावयाची असते आणि विम्याचा हप्ता मात्र ती गाडी दारात उभी असेपर्यंत दरवर्षी. तेव्हा मध्यम मिळकतीच्या माणसाने लहान गाडी निवडतानाच तिचा विमा स्वस्त कसा पडेल, आणि मुळात स्वस्त कशाला म्हणावयाचे, हे पाहून ठेवणे बरे.

गोव्याला हा विषय थोडा अधिकच लागू आहे. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातील दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे 45 कुटुंबांपाशी मोटार असल्याचे आढळले. देशातील हे सर्वांत मोठे प्रमाण. याचा अर्थ आम्ही सारे श्रीमंत झालो असा नव्हे. पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावरून रात्रपाळीला मोपाच्या विमानतळावर जाणारा मुलगा, दोन बसगाड्या बदलून शाळेत पोहोचणारी शिक्षिका, म्हाताऱ्या आईला म्हापशाच्या इस्पितळात नेणारा कारकून, यांना मोटार ही चैन वाटत नाही. म्हणूनच तिच्यावरचा प्रत्येक वार्षिक खर्च पगारातून जपून काढावा लागतो.

विम्याचे दोन भाग असतात, आणि ते वेगळे ओळखल्याशिवाय हा हिशेब उलगडत नाही. पहिला भाग त्रयस्थाचा, ज्याला आपण सारे ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. आपल्या गाडीने रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचा जीव गेला, तो जखमी झाला किंवा त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या भागातून होते. हा भाग कायद्याने सक्तीचा आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातील ही सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली, आणि आज ती 1988 च्या कायद्याच्या 146 व्या कलमात आहे. मृत्यू किंवा इजा झाल्यास विमा कंपनीच्या या जबाबदारीला रकमेची मर्यादा नाही. दावा न्यायाधिकरण मृताचे वय, त्याची मिळकत आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरविते. मिळवता तरुण दगावला तर ती रक्कम एखाद्या शिक्षकाने घर विकूनही भरून निघणार नाही. लोक या हप्त्याला दंड चुकविण्याचा खर्च समजतात. माझ्या मते दोन्हींपैकी अधिक मोलाचा भाग हाच, आणि नवल असे की तोच स्वस्तही आहे.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. अपघात, चोरी, आग, पूर, दरड कोसळणे, या साऱ्यांची भरपाई त्यात येते. अंतर्गत जलमार्गाने गाडी नेताना झालेले नुकसानही त्यात आहे. नार्वेच्या किंवा केरी-तेरेखोलच्या फेरीबोटीवर गाडी चढविणाऱ्या माझ्या श्रोत्यांनी हे कलम अवश्य ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये कित्येक वर्षे प्रत्येक मोटारीच्या नमुन्याला विम्याच्या दृष्टीने 1 ते 50 पर्यंत गटक्रमांक देण्यात येत आला. सुटे भाग किती महाग, दुरुस्तीला वेळ किती लागतो, गाडी चोरावयास किती सोपी, हे पाहून तो क्रमांक ठरे. स्विंडनला स्थायिक झालेल्या आमच्या गोवेकरांपैकी कोणालाही विचारा. पहिली गाडी घेताना तो गट विचारूनच त्याने ती घेतली असेल. आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या हाती असा सर्वमान्य तक्ता नाही. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरविते, आणि पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींसाठी ते एकच गोष्ट पाहते : इंजिनाची धारणा किती सीसी.

1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1000 सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीच्या मोटारीचा 3,416 रुपये आणि त्यावरील मोटारीचा 7,897 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी निराळा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 1 सप्टेंबर 2018 पासून हा नियम आहे. त्याचा दर पहिल्या वर्गाला 6,521 रुपये आणि दुसऱ्याला 10,640 रुपये. आता पाटीवर मांडून पाहू. हेच दर कायम धरले तर दहा वर्षांत, पहिली तीन एकत्र आणि पुढली सात सुटी, दोन वर्गांतील फरक 13,373 रुपये होतो. करासह सुमारे 15,800. दर पुढेमागे बदलतील, पण 1000 च्या रेषेचे महत्त्व एवढ्यावरून कळावे.

या रेषेच्या आत कोणत्या गाड्या येतात? मारुतीची ऑल्टो के-10, एस-प्रेसो, सेलेरिओ आणि वॅगनआरचे लहान इंजिन, ही सारी 998 सीसीची. रेनॉची क्विड 999 सीसीची. रेषेच्या बाहेर वॅगनआरचे मोठे इंजिन, स्विफ्ट आणि ह्युंदाईची ग्रँड आय-10 निऑस, तिन्ही 1197 सीसी. टाटांची टियागो 1199 सीसी. एकाच नावाची वॅगनआर दोन वर्गांत बसते, म्हणून नावावर न जाता नोंदणीपुस्तकातील आकडा पाहावा. गंमत अशी की टर्बो इंजिनाच्या काही उंच, रुबाबदार गाड्याही 998 किंवा 999 सीसीच्या असतात आणि त्याही हा लहानच हप्ता भरतात. सीसी मोजणाऱ्याला डौलाशी कर्तव्य नाही.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्या सवलतीसाठी पेट्रोल गाडीची मर्यादा 1200 सीसी आणि लांबी चार मीटर अशी आहे. म्हणजे कराच्या दृष्टीने जी लहान, ती विम्याच्या दृष्टीने लहान असेलच असे नाही. विक्रेता ‘लहान गाडी’ म्हणतो तेव्हा तो बहुधा कराची व्याख्या सांगत असतो. विजेच्या गाड्यांना सीसी नाही. तेथे मोटारीची शक्ती किलोवॅटमध्ये पाहतात. 30 किलोवॅटपर्यंत 1,780 रुपये आणि 30 ते 65 पर्यंत 2,904 रुपये. टियागोची विजेची आवृत्ती या मधल्या वर्गात येते. परंतु बॅटरीमुळे गाडीची किंमत चढते आणि तिच्याबरोबर विम्याचा दुसरा भागही चढतो.

या दुसऱ्या भागाचा दर 2007 पासून प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने ठरविते. पूर्वी सर्वांना एकच दरपत्रक होते. त्यात मुंबई, पुणे आदी आठ मोठ्या शहरांचा ‘अ’ विभाग आणि उरलेल्या देशाचा ‘ब’ विभाग. आमचा गोवा ‘ब’ मध्ये. 1000 सीसीच्या आतील नव्या गाडीला ‘ब’ विभागात किमतीच्या 3.039 टक्के आणि 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3.191 टक्के असा दर होता. पाच लाखांची लहान गाडी घेतली तर पाच टक्के घसारा वजा जाऊन विम्याची किंमत 4,75,000 रुपये ठरे आणि हप्ता सुमारे 14,435 रुपये. सात लाखांच्या, 1197 सीसीच्या गाडीला तोच हप्ता सुमारे 21,220 रुपये. आज कंपन्यांच्या स्पर्धेमुळे यावर मोठी सूट मिळते, पण प्रमाण बहुतेक तेच राहते. किंमत कमी तर हप्ता कमी. महागडी चाके, छपराची काच, पडद्याचा रेडिओ अशा वरच्या आवृत्तीच्या अलंकारांवर आपण विमाही भरत असतो.

हप्ता कमी करण्याची एक वाट एजंट सुचवितो, ती धरू नये. गाडीची घोषित किंमत, तिला आयडीव्ही म्हणतात, थोडी उतरवून लिहावयाची. हप्त्यात काहीशे रुपये वाचतात खरे. पण गाडी चोरीस गेली, किंवा दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या 75 टक्क्यांवर जाऊन ती पूर्ण निकामी ठरली, तर हाती येते ती उतरवलेली रक्कम.

आता पाण्याविषयी. तिळारीचे पाणी शापोऱ्यात आणि वाळवंटीचे साखळीच्या बाजारात कसे शिरते, हे मी या दोन तालुक्यांतील श्रोत्यांना काय सांगावे! 23 जुलै 2021 चा पूर अजून ताजा आहे. पुराचे नुकसान विम्यात येते, हे वर सांगितलेच. परंतु माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी पाणी ओसरल्यावर मोठ्या उत्साहाने गाडी सुरू करून पाहिली. सिलिंडरात पाणी होते. ते दाबले जात नाही, दांडे वाकले आणि इंजिन गेले. कंपनीने आतील बैठका आणि तारा यांचे पैसे दिले, इंजिनाचे नाही. ते नुकसान पुराने नव्हे, सुरू करण्याने झाले, असे उत्तर आले. पॉलिसीच्या भाषेत ते चूक नव्हते. इंजिनाच्या संरक्षणाची जोडपॉलिसी थोड्या जादा रकमेत मिळते. नदीकाठच्या गावात राहणाऱ्याने ती घ्यावी. डोंगरावरच्या वाड्यात राहणाऱ्याने घेतली नाही तरी चालेल. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी चावी न फिरविता ओढून गॅरेजला न्यावी. त्याला तर पैसेही पडत नाहीत.

पेडण्याच्या किनाऱ्यावर दुसरेच संकट आहे. मोरजी, मांद्रे, हरमल येथे हंगामात पाहुण्यांना गाड्या हव्या असतात, आणि दारात रिकामी उभी असलेली घरची गाडी दिवसाच्या भाड्याने देण्याचा मोह पुष्कळांना होतो. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात. परवाना निराळा, विमा निराळा आणि अर्थात महाग. खासगी पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले असते की मोबदला घेऊन वापर केल्यास ती लागू नाही. अशा गाडीला अपघात झाला तर आपली नुकसानभरपाई बुडते. त्रयस्थाला न्यायालय पुष्कळदा कंपनीकडून पैसे देवविते, पण ते गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीस देते. चार दिवसांच्या भाड्यासाठी आयुष्यभराचे कर्ज अंगावर घेण्याचा हा सौदा आहे. सरळमार्गी माणसेही शेजाऱ्याचे पाहून यात शिरतात, म्हणून एवढे बोललो.

क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस ही स्वस्त विम्याची खरी किल्ली आहे. पहिल्या निर्वेध वर्षानंतर दुसऱ्या भागाच्या हप्त्यात 20 टक्के सूट, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50. एक क्लेम केला की पुन्हा शून्य. समजा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोणी मागून ठोकले आणि तीन हजारांचा बंपर फुटला. प्लास्टिकवर निम्मा घसारा, राहिले दीड हजार. त्यातून सक्तीची वजावट एक हजार. मजुरी सोडली तर हाती पाचशे! आणि हप्ता आठ हजारांचा असेल तर पुढल्या वर्षी चार हजारांची सूट गेली. अशा वेळी खिशातून बंपर बदलावा. बहुतेक गॅरेजांत ज्याचे भाग सहज मिळतात असा रुळलेला नमुना निवडण्याचे कारणही हेच. किरकोळ मोडतोड आपल्याच पैशाने निभावता येते. काचेवर मात्र घसारा नसतो. डिचोलीच्या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकमागून गाडी हाकणाऱ्याला ही माहिती कधी ना कधी उपयोगी पडते.

हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचा दाखला घेऊन ठेवला तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो लागू होतो. उलट, जुनी गाडी घेणाऱ्याने आधीच्या मालकाच्या बोनसवर हक्क सांगू नये, आणि 14 दिवसांच्या आत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीस कळवावे.

शेवटी तारखेविषयी. नव्या गाडीच्या कागदावर बहुधा दोन तारखा असतात. थर्ड पार्टीची तीन वर्षांनंतरची आणि स्वतःच्या नुकसानीची एकाच वर्षानंतरची. ‘आमचा तीन वर्षांचा विमा आहे’ असे म्हणणाऱ्या कित्येकांची गाडी दुसऱ्या वर्षापासून निम्मी उघडी असते. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठविलेला बोनसही जातो. आणि दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांनी पुढल्या दसऱ्याची वाट पाहू नये. दसरा तिथीने मागेपुढे सरकतो, आमचा ईस्टरही तसाच सरकतो. पॉलिसी मात्र कॅलेंडरातल्या तारखेला, रात्री बारा वाजता संपते.