गच्चीवरचे ऊन



मी सातवी शिकलेली. पण घराचा नकाशा आपल्यालाही समजतो. आपल्या चाळीच्या जागी नवी इमारत व्हायची आहे. सही करण्यापूर्वी विचारा, गच्चीवरची पाण्याची टाकी कुठे? वर्षाचे बहुतेक महिने दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. टाकी दक्षिणेला बांधली, तर तिची सावली सोलर पॅनलवर पडून वीज घटते. म्हणून ती उत्तरेला हवी. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. दिवसाकाठी सरासरी ४ युनिटे मिळतात. जिन्यातले दिवे त्यावर सहज लागतील. खोल्यांना समोरासमोर खिडक्या मागा, वारा खेळेल. बांधलेली टाकी मागाहून हलत नाही, तेव्हा बायकांनी आताच बोलावे.