आर्सेनलचें नवें क्रीडांगण : आसनें आणि आमदनी

लंडन शहराच्या उत्तर भागांत इझ्लिंग्टन नांवाचा दाट वस्तीचा विभाग आहे. तेथें हाकेच्या अंतरावर दोन मोठ्या वास्तु उभ्या आहेत. पहिलीचा दर्शनी भाग जुन्या थाटाच्या प्रेक्षागृहासारखा दिसतो. परंतु आंत डोकावल्यास साडेसहाशेंहून अधिक बिऱ्हाडें आणि मधोमध बाग आढळते. दुसरी वास्तु काचेची व पोलादाची, लंबवर्तुळाकार, साठ हजार माणसांस एकाच वेळीं पोटांत घेणारी. पहिलें आर्सेनल या फुटबॉल क्लबाचें जुनें घर, दुसरें नवें. या स्थलांतराची हकीकत वरवर पाहतां खेळाची. वस्तुतः ती खुर्च्यांची, व्याजाची व तिकिटांच्या दराची हकीकत आहे, आणि चेंडूस पाय लावण्याची हौस ज्यांना कधींच वाटली नाहीं अशा गृहस्थांसही ती रंजक वाटेल.

वूलिच येथील सरकारी शस्त्रागारांतल्या कामगारांनीं 1886 सालीं हा क्लब काढला. 1913 सालीं तो टेम्स नदी ओलांडून हायबरी येथें आला. तेथील जागा एका धर्मशिक्षणाच्या विद्यालयाची होती, आणि ती भाडेपट्ट्यानें देतांना विद्यालयानें अटी घातल्या : गुड फ्रायडे व नाताळ या दिवशीं खेळ होऊं नये, आणि आवारांत मद्यविक्री नसावी. 1925 सालीं क्लबानें जागा विकत घेतली व या अटी संपल्या. 1932 व 1936 या सालीं पश्चिमेस आणि पूर्वेस जीं प्रेक्षागृहें उठलीं, त्यांची कीर्ति केवळ खेळाडूंतच नव्हे, तर स्थापत्यकारांतही झाली. क्लबाचा दरारा तर इतका वाढला कीं भुयारी रेल्वेच्या जवळच्या स्थानकास 1932 पासून क्लबाचेंच नांव मिळालें. 9 मार्च 1935 रोजीं संडरलंडविरुद्धचा सामना पाहण्यास तेथें 73,295 लोक आले होते.

एवढे लोक मावले कसे, याचें उत्तर साधें आहे. बहुतेक उभे होते. त्या काळीं इंग्लंडांतल्या मैदानांवर गोलांच्या मागें पायऱ्यापायऱ्यांचे उघडे कट्टे असत. कामकरी वर्ग थोड्या पैशांत तेथें खांद्यास खांदा लावून उभा राही. ही रीति 1989 पर्यंत चालली. त्या वर्षीं 15 एप्रिल रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर असाच कट्टा भरून चेंगराचेंगरी झाली, आणि लिव्हरपूलच्या पक्षाचे 97 प्रेक्षक प्राणास मुकले. न्यायमूर्ति टेलर यांनीं जानेवारी 1990 मध्यें आपला अंतिम अहवाल दिला व त्यास अनुसरून वरच्या दोन विभागांतील क्लबांना उभे कट्टे काढून सर्वत्र खुर्च्या बसवाव्या लागल्या. हायबरीचा उत्तरेचा कट्टा 1992 सालीं पाडण्यांत आला. शेवटीं हिशेब झाला तेव्हां जेथें एके काळीं 73 हजार माणसें मावलीं होतीं, तेथें अवघीं 38,419 आसनें उरलीं.

क्लब मात्र याच सुमारास वाढत होता. मैदान वाढवावें तर पूर्वेची इमारत संरक्षित ठरलेली. चोहों बाजूंस लोकांच्या राहत्या घरांच्या भिंती. 1998 व 1999 या दोन हंगामांत युरोपीय स्पर्धेचे सामने क्लबानें वेंब्ली येथें भाड्यानें खेळून पाहिले. खेळांत यश आलें नाहीं. दोन्ही वेळां आर्सेनल पहिल्याच फेरींत गळला. पण एका सामन्यास 73 हजारांवर तिकिटें खपलीं, आणि चालकांना जें जाणून घ्यावयाचें होतें तें कळलें. गिऱ्हाईक होतें, दुकान लहान होतें.

नव्या मैदानासाठीं अॅशबर्टन ग्रोव्ह ही जागा निवडली गेली. शहराचा केरकचरा हलविण्याचें केंद्र व कांहीं लहान कारखाने तेथें होते. त्यांना दुसरीकडे बसविणें, नगरसभेची संमति, शेजाऱ्यांच्या तक्रारी, यांत वर्षें गेलीं. पैशाच्या अडचणीनें मध्यंतरीं बेतच थंडावला होता. एकूण खर्चाचा अंदाज 39 कोटी पौंडांपर्यंत गेला. 2004 सालच्या फेब्रुवारींत बँकांच्या एका गटानें 26 कोटी पौंडांचें कर्ज मंजूर केलें, आणि ऑक्टोबरांत एमिरेट्स या विमान कंपनीशीं 10 कोटी पौंडांचा करार झाला. मोबदला काय, तर मैदानास 15 वर्षें कंपनीचें नांव आणि खेळाडूंच्या सदऱ्यावर 8 वर्षें तिची जाहिरात. देवळास दात्याचें नांव देण्याची चाल जुनीच आहे. येथें मात्र दान नव्हतें, ठराविक मुदतीचें भाडें होतें. युरोपीय स्पर्धांच्या वेळीं हें भाड्याचें नांव झांकावें लागतें, व तेवढ्यापुरतें मैदान पुन्हां ‘आर्सेनल स्टेडियम’ होतें.

2006 सालच्या जुलैंत मैदान खुलें झालें. त्या वेळचीं आसनें 60,432. आतां या आकड्याची फोड पाहण्याजोगी आहे. खालच्या मजल्यावर 24,425 व अगदीं वरच्या मजल्यावर 26,646 आसनें, हीं सामान्य प्रेक्षकांचीं. या दोहोंच्या मध्यें, जेथून खेळ उत्तम दिसतो तेथें, 7,139 आसनांचा एक निराळा मजला आहे. तेथील आसन एका सामन्यापुरतें नव्हे तर एक ते चार वर्षांच्या परवान्यानें विकलें जाई. त्याच्या लगत वर 150 खासगी कक्ष, त्यांत 2,222 माणसांची सोय. म्हणजे उंची आसनें एकंदर 9,361, शेंकडा साडेपंधरा. सामन्याच्या दिवशींच्या उत्पन्नाचा मात्र सुमारें तिसरा हिस्सा एवढ्याच आसनांवरून येऊं लागला. गालिचे, भोजनगृह, सामन्याच्या मध्यंतरांत पेय, आणि व्यापाऱ्यांनीं आपल्या ग्राहकांस आणून बसविण्यास योग्य अशी जागा, हा माल तेथें विकला जातो. खेळ ही त्यांतली एक बाब.

निकाल हिशेबांत लगेच दिसला. हायबरीच्या शेवटच्या हंगामांत सामन्यांच्या दिवसांचें उत्पन्न 4 कोटी 41 लक्ष पौंड होतें. नव्या मैदानाच्या पहिल्या हंगामांत तें 9 कोटी 6 लक्ष झालें. आसनें दिढीहून किंचित् अधिक वाढलीं, उत्पन्न दुपटीवर गेलें. या दोन प्रमाणांतली तफावत म्हणजेच मधला मजला. केवळ अधिक माणसें बसवून एवढें साधलें नसतें.

परंतु आलेला पैसा घरांत राहत नव्हता. बँकांचें कर्ज 2006 सालींच लांब मुदतीच्या रोख्यांत बदलण्यांत आलें. त्यांचें मुद्दल व व्याज मिळून वर्षाला सुमारें 2 कोटी पौंड द्यावे लागत. जुन्या मैदानावरील घरें विकून जें कर्ज फेडावयाचें तें 2008 च्या मंदींत सांपडलें आणि 2010 मध्यें एकदांचें फिटलें. तोंवर संघाची ओढाताण झाली. ज्या संघानें 2003-04 च्या हंगामांत लीगचे 38 सामने एकही पराभव न पत्करतां खेळून दाखविले, त्यांतले मोहरे एकामागून एक गेले : 2005 सालीं व्हिएरा, 2007 सालीं हेन्री. 2005 चा चषक जिंकल्यावर पुढचा चषक हातीं येण्यास 2014 चा मे महिना उजाडला. व्यवस्थापक आर्सेन व्हेंगर यांनीं या सर्व काळांत संघ दरवर्षीं पहिल्या चारांत ठेवला. लोक त्यांस चषकाविषयीं विचारीत राहिले. त्यांचें हें काम अवघड होतें, आणि त्याची बूज फार उशिरा झाली असेंच म्हटलें पाहिजे.

चालकांच्या गणितांत आणखी एक गोष्ट बसली नव्हती. गेटाचें उत्पन्न मोठें तो क्लब मोठा, या विश्वासावर सारी उभारणी झाली होती. पण 2003 सालीं चेल्सी क्लब एका रशियन धनिकानें घेतला, 2008 सालीं मँचेस्टर सिटी अबू धाबीच्या पैशावर गेला; त्यांना खुर्च्या मोजण्याची गरज नव्हती. शिवाय दूरचित्रवाणीचे हक्क फुगत चालले. 2004 ते 2007 या तीन हंगामांसाठीं इंग्लंडांत लीगला जे 102 कोटी पौंड मिळाले होते, ते 2016 ते 2019 साठीं 513 कोटींवर गेले, आणि हा पैसा लहान मैदानाच्या क्लबांसही मिळे.

दराचा भार अखेर सामान्य प्रेक्षकावर पडला. 13 जानेवारी 1913 नव्हे, 2013 रोजीं मँचेस्टर सिटीशीं सामना होता. पाहुण्यांच्या बाजूच्या तिकिटास 62 पौंड पडत. सिटीला मिळालेल्या सुमारें तीन हजार तिकिटांपैकीं नऊशेंहून अधिक न विकतां परत आलीं. जे आले त्यांनीं दराचा निषेध करणारें फलक उभारलें. त्यानंतर निरनिराळ्या क्लबांचे प्रेक्षक, जे एरवीं एकमेकांचें तोंड पाहत नाहींत, एकत्र होऊन ओरड करूं लागले, व 2016-17 च्या हंगामापासून लीगनें पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटास 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली. मर्यादा पाहुण्यांपुरती, घरच्या प्रेक्षकाचा दर क्लबाच्या मर्जीवरच राहिला.

2020 सालीं साथीच्या रोगामुळें साठ हजार खुर्च्या महिनोन्‌महिने रिकाम्या पडल्या आणि सामन्यांचें उत्पन्न जवळजवळ शून्यावर आलें. त्याच वर्षीं क्लबाचे मालक क्रोंके यांनीं आपल्याकडील कर्जानें मैदानाचे जुने रोखे मुदतीपूर्वीं फेडून टाकले. देणें राहिलें, धनको बदलला. प्रेक्षक परतल्यावर उत्पन्न पुन्हां चढून 10 कोटी पौंडांपलीकडे गेलें. दरम्यान 2019 सालीं शेजारच्या टॉटनहॅम क्लबानेंही जुनें मैदान पाडून नवें बांधलें आहे. त्याचीं आसनें 62,850, म्हणजे आर्सेनलच्या आजच्या 60,704 पेक्षां दोन हजारांवर अधिक.