खचू नका, चालू लागा



परवा एक मुलगी आमच्याकडे आली. वय १९. वजन ८० किलो. डोळे भरून म्हणाली, "सगळे मला भोपळा म्हणतात. वजन उतरावं म्हणून आठ दिवस उपाशी राहिले. मग दुप्पट खाल्लं. आता माझ्यानं व्हायचं नाही."

आम्ही म्हटलं, "पोरी, खोट तुझ्यात नाही, रीतीत आहे. उपाशी राहिलं की भूक जास्तच खवळते. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ. दिवसाला चार कप चहा घेतेस ना? दर कपात एक चमचा साखर कमी घाल. वर्षात पाच किलोंवर साखर वाचेल. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चाल. निदान एवढं तरी चालावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पाच किलो उतरले तरी गुडघ्यांवरचा भार हलका होतो."

उमेद आली की चालू, असं म्हणू नये. चालू लागलं की उमेद मागून येते.

आणि घरच्या मंडळींनो, नावं ठेवून कुणाचं वजन उतरत नाही. अशी पोर तुमच्या घरी असेल, तर तिला हसू नका. उद्या सांजेला तिच्यासंगं चालायला निघा.