पावती वाचली म्हणून



दिवसभर रानात राबून आपण रात्री या वर्गाला येता. अंग दुखत असते, डोळ्यांवर झोप असते, तरी येता. म्हणून आज आम्ही फळ्यावरचा धडा घेत नाही. आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. गोष्ट ९०० रुपयांची आहे. पण नुसत्या रुपयांची नाही.

आमच्या घरी एक जुना ट्रॅक्टर आहे. धाकटा भाऊ तो चालवतो. मृग तोंडावर आला होता. शेणखत रानात टाकायचे होते, मग पाळी घालायची होती. ऐन वेळी यंत्राने दगा देऊ नये म्हणून आम्ही ट्रॅक्टर बाजारच्या गावी गॅरेजात नेला. मालक म्हणाला, "पूर्ण तपासणी करून देतो. ९०० रुपये पडतील." आम्ही हो म्हटले. दोन तासांनी त्याने ट्रॅक्टर ताब्यात दिला. "काही काळजी करू नका, गाडी टकाटक आहे," असे सांगितले. पैसे दिले, पावती घेतली, घडी करून खिशात घातली. वाचली नाही. ही आमची पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी भाऊ शेणखताची ट्रॉली भरून निघाला. गावाबाहेर उतार आहे. उताराच्या तळाशी, डाव्या हाताला हातपंप आहे. तिथे बायका पाणी भरत होत्या. भावाने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर सरळ थांबण्याऐवजी डावीकडे ओढला गेला. भावाने कसेबसे चाक वळवले. ट्रॅक्टर बांधाला धडकून थांबला. हातपंप दहा पावलांवर होता. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. पण घरी आल्यावर भावाच्या हातातला पाण्याचा तांब्या थरथरत होता.

असे का झाले? ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडल असतात. एक डाव्या चाकाचे, एक उजव्या चाकाचे. रानात वळताना एकच दाबता येते. रस्त्यावर मात्र दोन्ही कडीने जोडून ठेवायची असतात. तशी ती जोडलेलीच होती. पण दोन्ही ब्रेक सारखे धरायला हवेत. एक धरतो आणि दुसरा धरत नाही, असे झाले तर ट्रॅक्टर धरणाऱ्या बाजूला ओढला जातो. वेग असेल तर उलटतोसुद्धा.

आमच्या गावच्या मिस्त्रीने ब्रेक खोलला. उजव्या बाजूचे लायनर पार झिजले होते. तो म्हणाला, "हे एका दिवसाचं काम नाही. कितीतरी दिवसांची झीज आहे ही. चाक जॅकवर उचलून ब्रेक दाबून पाहिला असता, तर कालच कळलं असतं."

भाऊ संतापला. चार पोरे गोळा करून गॅरेजवर जायला निघाला. वडील म्हणाले, "जाऊ द्या रे. पेरणीत गाडी अडली तर त्याच्याच दारात जायचं आहे. वाकडं कशाला घेता?" आम्हालाही क्षणभर तसेच वाटले. एवढ्यात आमची भावजय पावती घेऊन आली. ती याच वर्गात दोन हिवाळे शिकली आहे. तिने बोट ठेवून वाचले : "पूर्ण तपासणी. इंजिन, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग, हायड्रॉलिक. रुपये ९००." मग म्हणाली, "भावोजी, यात ब्रेक लिहिलाय. न बघताच पैसे घेतलेत."

सगळे गप्प झाले. वडीलही काही बोलले नाहीत.

आम्ही गावच्या मिस्त्रीकडून दोन ओळी लिहून घेतल्या. काय झिजले होते ते त्याने लिहिले, तारीख घातली, सही केली. जुने लायनर पिशवीत घातले. मग आम्ही आणि भाऊ, दोघेच गॅरेजवर गेलो.

मालक म्हणाला, "तपासल्यावर काहीही बिघडू शकतं. त्याला मी काय करू?"

आम्ही म्हटले, "शेठ, पट्टा तुटला असता तर तुमचं म्हणणं मान्य केलं असतं. पण लायनर एका रात्रीत झिजत नाही. तुम्ही ब्रेक कसा तपासला, तेवढं सांगा. चाक उचललं होतं का?"

तो म्हणाला, "इंजिनचा आवाज ऐकला की आम्हाला सगळं कळतं."

भावाच्या मुठी वळल्या. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पिशवीतून कागद काढून तिथेच अर्ज लिहिला :

"आपण अमुक तारखेस आमच्या ट्रॅक्टरची पूर्ण तपासणी केली व ९०० रुपये घेतले. पावतीत ब्रेक लिहिला आहे. दुसऱ्या दिवशी उजवा ब्रेक धरला नाही. लायनर पूर्वीपासून झिजलेले होते. म्हणजे ब्रेकची तपासणी झाली नाही. तरी तपासणीचे पैसे १५ दिवसांत परत करावेत. न केल्यास आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करू."

अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक त्याला दिली. दुसरीवर "मिळाला" असे लिहून त्याची सही मागितली. तो का कू करू लागला. आम्ही म्हटले, "सही केली नाहीत तर हाच कागद टपालाने रजिस्टर करून पाठवू." तेव्हा त्याने सही केली.

चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. आम्ही गेलो. तो म्हणाला, "पोराला विचारलं. त्या दिवशी गर्दी होती. इंजिन आणि क्लच पाहिला, बाकीचं राहून गेलं." त्याने ६०० रुपये परत दिले. झालेल्या कामाचे ३०० ठेवले. ते आम्हाला रास्त वाटले. नव्या लायनरचे पैसे आम्ही मागितले नाहीत. जुने आमच्याच वापराने झिजले होते. पैसे मिळाले तशी पोच आम्ही लिहून दिली. पुढे पेरणीच्या वेळी आम्ही त्याच्याच गॅरेजवर गेलो. या खेपेला त्याने आमच्यासमोर चाक उचलले.

मंडळी, त्याने ऐकले नसते तर काय केले असते? तेही ऐकून ठेवा. ग्राहकाच्या रक्षणाचा कायदा आपल्या देशात १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे घेऊन सेवा नीट दिली नाही, तर या कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर फोन करावा. पण कुठेही जा, पहिला प्रश्न हाच येतो : पावती आहे का?

म्हणून आम्ही आता चार गोष्टी पाळतो. काम सांगतानाच काय काय पाहणार ते विचारतो. शक्य तेव्हा समोर उभे राहतो. पैसे देण्याआधी पावती वाचतो. आणि ट्रॅक्टर घरी आणण्यापूर्वी मोकळ्या जागेत, हळू वेगात, दोन्ही पेडल जोडून ब्रेक दाबून पाहतो. ट्रॅक्टर सरळ थांबला तरच रस्त्यावर काढतो.

गेलेले पैसे आणखी राबून मिळवता आले असते. हातपंपावरच्या बायका मात्र कुणाच्या लेकी, कुणाच्या आया होत्या. त्यांची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. तपासणी खरी झाली की खोटी, हे विचारायला लाजू नका. ते भांडण नव्हे, आपला हक्क आहे.

आता आपापल्या घरी एखादी पावती असेल, तर उद्या वर्गात घेऊन या. आपण सगळे मिळून ती वाचू.