ठेका
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आठवणी सांगाव्यात, अशी मला आज्ञा झाली आहे. मी एकच सांगणार आहे, आणि ती एका गाण्याची आहे.

1960 च्या दशकाच्या आरंभी 'शुक्रतारा' हे युगुलगीत आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले. शब्द मंगेश पाडगावकरांचे, स्वररचना श्रीनिवास खळे यांची. गायक अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. दाते आपल्या इंदूरचे, रसिकाग्रणी रामूभैया दात्यांचे चिरंजीव. आम्हां पोरांना याचा केवढा अभिमान! पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्या मराठीला हसत, कारण बोलता बोलता वाक्यात हिंदी केव्हा शिरे, हे आम्हांला कळतही नसे. त्या हसणाऱ्यांना आमच्याच गावच्या गळ्याने परस्पर उत्तर दिले, असे वाटे.

नववीत असताना हे गीत स्नेहसंमेलनात म्हणण्याचा मी हट्ट धरला. मराठी शिकवणाऱ्या गुरुजींनी माझ्या हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि "हे तुझे गाणे नाही," एवढेच ते म्हणाले. शृंगारगीत म्हणून नाकारले, अशी मी समजूत करून घेतली आणि तो राग पुष्कळ वर्षे जोपासला. शाळा सोडल्यावर ते रस्त्यात दिसले, की मी सायकल दुसऱ्या गल्लीत वळवीत असे.

पुढे पंचवीसेक वर्षांनी, त्यांच्या पत्नी निवर्तल्याचे कळले, म्हणून भेटीस गेलो. बोलण्यासारखे फारसे नव्हते. निघताना त्यांनी विचारले, "ते गाणे अजून म्हणतोस का रे?"

मी ओट्यावर बसून म्हटले. मांडीवर ठेका धरून ते ऐकत होते. स्त्रीस्वराची जागा आली तेव्हा मी थांबलो. ठेका मात्र त्यांनी थांबवला नाही. ते कडवे तसेच, न गायलेले, आम्हां दोघांमधून निघून गेले. मग मी माझी जागा उचलली. संपल्यावर ते म्हणाले, "तुझा 'ळ' अजून कच्चाच आहे." त्या गाण्यात 'ळ' किती आहेत, हे जाणकारांना ठाऊक आहे.

त्या वेळी नकार का दिला, हे मी त्यांना विचारले नाही. विचारावयास हवे होते. तरुणपणी त्या गीतातील सहवासाची मागणी तेवढी ऐकू येते. ती मागणी पुरी होऊन संपूनही गेल्यावर तेच गाणे कसे ऐकावे, हे त्यांना वर्गात शिकवता आले नसते.

आज माझे वय त्या दिवशीच्या गुरुजींहून अधिक आहे. पूर्वी मी काळी दोनमधून गात असे. आता आवाज पांढरी एकच्या वर चढत नाही. संध्याकाळी पेटी काढली, की दुसऱ्या कडव्याला आतल्या खोलीतून पत्नीचा सूर येतो. अलीकडे तिला कमी ऐकू येते, त्यामुळे तो मात्रा-दोन मात्रा उशिराच येतो. तोवर मी ठेका चालू ठेवतो.